मांजर कुणाच्या नावावर?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या विषयापुढे 'मांजर' असा शब्द बघून सकाळपासून तिघींनी मला विचारलं, छापताना काही चुकलं का गं? चुकलेलं नाही. आत्ताच्या सत्रात पोटगीच्या वसुलीवर एवढं जड बोलणं झालं, आणि त्यानंतर मी उठून मांजराची गोष्ट सांगणार, याचा मलाही थोडा संकोच वाटतो. पण ही गोष्ट माझ्या कामातल्या एका चुकीची आहे आणि ती चूक मी एकटीनेच केली असेल असं मला वाटत नाही. म्हणून सांगते.

२०१४ ते २०१७ अशी तीन वर्षं मी शारजात होते. नवऱ्याची नोकरी तिकडे आणि मी त्याच्या व्हिसावर. एम.एस.डब्ल्यू. करून चार वर्षं इथल्या वाड्यापाड्यांवर हिंडलेली बाई तिथल्या कागदावर 'गृहिणी' झाली. पहिल्या दिवशी ते वाचून मी हसले. मग हळूहळू कळत गेलं. घराचा भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीज त्याच्या नावावर, बँकेतलं खातं त्याचं, माझ्या हातातल्या फोनचं कार्डसुद्धा त्याच्या ओळखपत्रावर घेतलेलं. माझा नवरा वाईट माणूस नाही. तो इथे मागे बसलाय, म्हणून म्हणत नाही. (हशा) पण त्याने उद्या काही करायचं ठरवलं, तर मला कुठल्या कागदाचा आधार होता? एकाही नाही.

त्या शहरात मांजरं फार. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा ती उभ्या गाड्यांखाली पडून असतात आणि वातानुकूलन यंत्रांचं टपकणारं पाणी पितात. सगळीच काही रस्त्यावर जन्मलेली नसतात. तिथली नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी. तेव्हा कंपनीने काढलं की महिन्याभरात चंबूगबाळं आवरून मायदेशी निघावं लागायचं. भांडीकुंडी विकली जातात, गाडी विकली जाते, मांजर मात्र जिन्याखाली सोडून लोक विमानतळ गाठतात. गळ्यात पट्टा असलेली मांजरं कचऱ्याच्या डब्याशी मी पाहिली आहेत.

आमच्या इमारतीच्या राखणदाराला, तिकडे त्याला नातूर म्हणतात, मांजरांचं भारी वेड. पेशावरकडचा म्हातारा पठाण. त्यानेच मला सांगितलं की पैगंबरांच्या एका सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. मांजराला हाड्‌हाड करणं त्याच्या लेखी पाप होतं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की माणसं चपला काढून दोन पावलं मागे सरतात. आणि तीच आपण षष्ठीदेवीला, बाळंतघराच्या राखणकर्तीला, वाहन म्हणून मांजरच देतो. असो.

जूनच्या एका दुपारी या नातूरने माझी बेल वाजवली. हातात पुठ्ठ्याचा खोका. मांजरी गाडीखाली सापडून मेली होती, चार पिल्लांपैकी दोन उरली होती. महिन्याचीही नसतील. डोळे पुवाने चिकटलेले. म्हणाला, बेटी, तू घरात बसलेलीच असतेस. ते मला लागलं, पण खोका मी घेतला.

पिल्लं जगवायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या डोक्यात मांजर म्हणजे दूध. मी गाईचं दूध दिलं आणि रात्रीपर्यंत दोघांना हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई चिडल्याच. मांजराच्या पिल्लाला गाईचं दूध पचत नाही, त्यासाठी वेगळी पूड मिळते. ती कोमट पाण्यात कालवून सुईशिवायच्या पिचकारीने दर तीन तासांनी पाजायची. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने खालचा भाग पुसायचा, कारण आई चाटते तेव्हाच पिल्लाला शी-शू होते. डोळे मिठाच्या कोमट पाण्याने पुसायचे. हे सगळं एकटीने होईना, म्हणून समोरच्या दारातल्या शेजारणीला हाक मारली. सांगली जिल्ह्यातली, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पदवीधर, पण घराबाहेर एकटी पडत नसे. एक पिल्लू तिने नेलं. ती त्याला गोट्या म्हणायची. माझ्या पिल्लाला मला मनीखेरीज काही सुचलं नाही.

दोन महिन्यांनी मी मनीला लस टोचायला नेली. तिथे एक लहान पुस्तिका देतात. त्यात जनावराचं वर्णन, लशींच्या तारखा, अंगात बसवलेल्या ओळख-चिपचा क्रमांक, आणि वर मालकाचं नाव. त्या देशात ससाण्यालासुद्धा पासपोर्ट असतो, त्यामुळे मांजराच्या पुस्तिकेचं नवल नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव कुणाचं घालू? मी माझं सांगितलं. घरी येऊन पुस्तिका कपाटात ठेवताना लक्षात आलं की वर्षभरात त्या देशात ज्याच्यावर पहिलं नाव माझं आहे असा हा पहिलाच कागद. मनीच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा पैसे अर्थात नवऱ्याकडेच मागितले. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, म्हणून शस्त्रक्रिया टाळून चालत नाही. नवऱ्याने दिले, पण विचारलं, एवढे? एका भटक्या मांजरासाठी? त्या दोन शब्दांनी मी चार दिवस अस्वस्थ होते. आपल्या केंद्रात बाया सांगतात ना, मारत नाही हो, पण प्रत्येक पैशाला विचारतो. ते वाक्य मी किती वेळा लिहून घेतलं असेल! त्याचा अर्थ मला मांजरीच्या शस्त्रक्रियेत कळला.

आता शेजारणीकडे येते.

ती अधूनमधून सांगायची, हे चिडले की गोट्याला मानगुटीला धरून गॅलरीच्या कठड्याबाहेर धरतात. सातवा मजला. तिने माहेरी फोन केला, की हा प्रकार. भाजी खारट झाली, की हा प्रकार. तिच्या अंगाला त्याने तोवर हात लावला नव्हता. म्हणजे तसं ती सांगायची. आणि मी, चार वर्षं समुपदेशन केलेली मी, तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, अगं, मांजराचं काय घेऊन बसलीस, तुझं स्वतःचं बघ आधी. तुला काही करतो का ते सांग. तिने मान हलवली आणि त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी बोललीच नाही. मला वाटलं, निवळलं असेल.

तिला मी तिचं सोडून बोलतेय असं वाटलं. खरं तर ती तिचंच सांगत होती. सातव्या मजल्यावरून खाली काय काय पडू शकतं, हे तिचा नवरा तिला मांजर दाखवून समजावत होता.

लग्नानंतर चौदाव्या महिन्यात एका रात्री ती कापडी पिशवीत गोट्याला घेऊन आली. म्हणाली, ताई, आईला बरं नाही, यांनी तिकीट काढून दिलंय, पंधरा दिवस याला ठेवा. तिकीट एकेरी होतं. आईला काही झालेलं नव्हतं. मग सुरू झालं ते आपल्याला पाठ आहे: आज बोलावतो, उद्या बोलावतो, फोन लागत नाही. अमिरातीत निवासी परवाना असलेली व्यक्ती १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिली, तर परवाना सहसा आपोआप रद्द होतो. बघा, किती सोपं! घटस्फोट नको, वकील नको, भांडण नको. नवऱ्याने फक्त सहा महिने काही करायचं नाही. बायको टाकली जाते.

आपल्या भाषेत 'टाकलेली' हा शब्द बाईसाठी आहे आणि पिल्लांसाठीही. बाजारात पोत्यात घालून आणून टाकलेली पिल्लं आपण बघतो. निशा शिवूरकरांनी आपल्या पुस्तकाला 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' असं नाव दिलं, त्यात परित्यक्ता असा गोळीबंद शब्द न वापरता हाच शब्द ठेवला, हे मला फार योग्य वाटतं. टाकलं म्हटलं की टाकणारा कोण, हे विचारावं लागतं.

परदेशी नवऱ्यांनी टाकलेल्या बायांचा प्रश्न काही नवा नाही. नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सुचवलं होतं की इथे झालेलं लग्न तिकडच्या न्यायालयाने परस्पर रद्द करू नये आणि बाईला पोटगीची हमी देणारा कायदा व्हावा. २०१९ साली राज्यसभेत विवाहनोंदणीचं एक विधेयक आलं, २०२४ साली विधी आयोगाने याच विषयावर अहवाल दिला. तीस वर्षं सूचनाच चालल्या आहेत. अमिरातीने तरी २०१८ पासून विधवा आणि घटस्फोटित बायकांना प्रायोजकाशिवाय एक वर्ष राहण्याची मुभा दिली. पण तीही विधवेला आणि घटस्फोटितेला. टाकलेलीला नाही, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तिने फोनवर विचारलं, ताई, गोट्याला इकडे कसं आणता येईल? मी चौकशी केली. भारतात परदेशातून कुत्रं-मांजर सामानाबरोबर आणायचं, तर सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परत येणाऱ्यालाच परवानगी, माणशी दोन जनावरं. शिवाय लशी, आरोग्याचा दाखला, इथल्या पशु-संगरोध कार्यालयाचं ना-हरकत पत्र. तिची चौदा महिन्यांची नोंद. म्हणजे ती तिथे राहिली असती तर आणू शकली असती. टाकली गेली म्हणून आणू शकत नव्हती. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपली मुलं कुत्री-मांजरं छातीशी धरून सीमेपर्यंत चालत गेली. केरळच्या एका मुलीचं हस्की कुत्रीला घेऊन चालणं सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या वेळी सरकारने एकदापुरती सवलत दिली आणि जनावरं येऊ दिली. चांगलंच केलं. युद्ध सरकारला दिसतं. सातव्या मजल्यावरचं दिसत नाही.

२०१७ साली आम्ही परतलो. माझी तीन वर्षं भरली होती. माझ्या नावावर दोन मांजरं आली, मनी आणि गोट्या. पुढच्या वर्षी शेजारीण पनवेलला माझ्या घरी आली. तेव्हा ती एका दुकानात हिशेब लिहायला लागली होती. तिने तालुक्याच्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला होता. त्या कायद्यात बाई सध्या जिथे राहते तिथे अर्ज करता येतो, हे तिला मी सांगितलं होतं. एवढी एक गोष्ट मी धड केली. तिला बघून गोट्या कपाटाखाली गेला तो बाहेरच येईना. ती तासभर जमिनीवर बसून हाका मारत होती. मग उठली, साडी झटकली आणि म्हणाली, राहू दे ताई. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. आता हेच त्याचं घर. आणि मला भावाच्या घरात माझीच जागा नाही.

विमानतळासाठी आपल्याकडची दहा गावं उठली तेव्हा पाडलेल्या घरांच्या जोत्यांवर बसून राहिलेली मांजरं मी पाहिली, तेव्हा मला तिचं वाक्य आठवलं.

इतकं ऐकून तुमच्यातल्या काही जणींना वाटत असेल, हे सगळं व्हिसावाल्यांचं दुखणं, आमच्या वाडीवर याचं काय? सांगते. परत आल्यावर मी पुन्हा कामाला लागले. एका आदिवासी वाडीवरची कातकरी बाई केंद्रात यायची. नवरा दारू पिऊन मारायचा. तीनदा ती घर सोडून आली आणि तिन्ही वेळा संध्याकाळच्या आत परत गेली. आमच्या नोंदवहीत तीनदा लिहिलंय, 'स्वतःहून परत गेली.' चौथ्या वेळी मला एकदम शेजारीण आठवली आणि मी विचारलं, घरी कोण आहे तुझं? म्हणाली, तीन शेळ्या न् एक पाट. शेळ्या तिच्या. तिने पैसे साठवून घेतलेल्या. पावसात हाताला काम नसतं तेव्हा एक विकायची, की घर चालतं. ती नसली की नवरा शेळी विकून दारू पिणार किंवा रागाच्या भरात कोयता घालणार. एकीला घातलाही होता. तिला निवारागृह नको होतं असं नाही. निवारागृहात शेळ्या घेत नाहीत. आम्ही काय केलं, तर तिच्या मावशीच्या वाडीवर टेम्पोने शेळ्या पोचवल्या. भाडं आपसात वर्गणी काढून दिलं. त्यानंतर ती आली ती राहिली. 'समुपदेशनास प्रतिसाद देत नाही' असा शेरा जिच्यावर मारला होता, तिचा अडसर टेम्पोच्या भाड्याएवढा होता.

कायदा काय म्हणतो तेही बघू. २००५ च्या कायद्यात कलम ३ मध्ये भावनिक छळाची व्याख्या आहे. बाईला जिच्याविषयी आस्था आहे अशा 'व्यक्तीला' शारीरिक इजा करण्याची वारंवार धमकी देणं, हा छळ धरलेला आहे. व्यक्तीला. गोट्या व्यक्ती नाही. शेळी निदान आर्थिक छळात बसवता येते, कारण बाईचा हितसंबंध असलेली मालमत्ता परस्पर विकणं तिथे लिहिलेलं आहे. म्हणून माझं सांगणं, संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरताना शेळ्या, कोंबड्या, म्हैस यांची संख्या आणि त्या कोणाच्या पैशाने घेतल्या ते लिहाच. आणि मांजर-कुत्र्याला धरून दिलेली धमकी बाईच्याच शब्दांत भावनिक छळाच्या रकान्यात लिहा: कशासाठी दिली, त्यानंतर बाईने काय करणं सोडलं. शेजारणीने आईला फोन करणं सोडलं होतं. जनावराला ठार मारणं किंवा अपंग करणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्यावर मात्र विसंबू नका, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये.

अमेरिकेत यूटा राज्यातल्या एका निवारागृहात ३८ बायकांची पाहणी झाली होती, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. लहानशीच पाहणी. ज्यांच्या घरी जनावर होतं त्यांतल्या ७१ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याने किंवा जोडीदाराने त्याला मारण्याची धमकी दिली होती, इजा केली होती किंवा मारून टाकलं होतं. २००६ साली मेन या राज्याने संरक्षणाच्या आदेशात जनावरांचा समावेश करायला परवानगी दिली, मग इतरांनी. आपल्याकडेही फट पडते आहे. २०२३ साली वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयात ५५ वर्षांच्या एका बाईंनी पोटगी मागताना सांगितलं की माझ्यावर तीन कुत्री अवलंबून आहेत. नवऱ्याकडून अर्थातच हरकत आली. न्यायालयाने ती मानली नाही. तुटलेल्या नात्यांची पोकळी ही जनावरं भरून काढतात असं म्हणून दरमहा ५० हजारांची अंतरिम पोटगी दिली. एवढी रक्कम आपल्या बायांच्या वाट्याला येत नाही हे मलाही कळतं. पण आदेशात कुत्र्यांचा उल्लेख आला, तो आपल्या वकीलताईंनी हाताशी ठेवावा.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीच शेजारणीपुढे घेतला होता. बाईला निवारा मिळताना मारामार, सखी केंद्रात पाच दिवस ठेवतात, त्यानंतर कुठे न्यायचं हा प्रश्न, तिथे मांजरं कुठे ठेवता? बरोबर आहे. निवारागृहात मांजर ठेवा असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, विचारा. पहिल्या भेटीच्या फॉर्मात 'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्याखाली एक ओळ वाढवा: घरी जनावरं कोणती, त्यांना कोण बघतं, त्यांच्यावरून कधी धमकी आली का. एवढं विचारलं की बाई बोलायला लागते, असा माझा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. स्वतःच्या अंगावरच्या वळांबद्दल लाजणारी बाई कुत्र्याच्या मोडलेल्या पायाबद्दल घडाघडा सांगते. तिथून वळांपर्यंत यायला वेळ लागत नाही.

आणि ठेवायची सोय आपसात होऊ शकते. पनवेल, उरण, कर्जत, खालापूर मिळून सध्या आमच्याकडे अकरा घरं आहेत, पंधरा दिवस ते महिनाभर जनावर सांभाळणारी. त्यातल्या दोघींकडे शेळ्यांचा गोठा आहे. म्हशीला मात्र अजून कुणी तयार नाही, आणि गेल्या महिन्यात एका म्हशीपायी आमची एक बाई परत गेली. चहाच्या टेबलाशी निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. नाव, गाव आणि कुठलं जनावर ठेवाल ते लिहा. ज्यांच्या दारात दावणीला जागा आहे त्यांनी आधी.